पीस लिलीचं पांढरं फूल हिरवं पडलं? आधी वय बघा, मग माती. खत सगळ्यात शेवटी

नर्सरीतून आणलेल्या पीस लिलीला चार-पाच पांढरीशुभ्र फुलं असतात. तीन-चार आठवड्यांत ती हिरवट पडायला लागतात आणि घरात धावपळ सुरू होते. उजेड कमी पडला असेल म्हणून कुंडी गॅलरीतल्या उन्हात जाते, झाडात ताकद नसेल म्हणून मूठभर खत पडतं, आणि हात घातलाच आहे तर म्हणून त्याच रविवारी कुंडीही बदलली जाते. पंधरा दिवसांत पानंही करपतात. मुळात बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं, की फूल म्हातारं झालेलं असतं.

लक्षण एकच असलं, तरी रंग बदलायची कारणं सहा-सात आहेत आणि त्यातल्या काहींवरचे उपाय एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत. कुजलेल्या मुळांच्या झाडाला पाणी तोडावं लागतं, तहानलेल्या झाडाला द्यावं लागतं, आणि दोघांचीही पानं सारखीच माना टाकतात. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. पहिले पाच टप्पे मुख्यतः बघण्याचे आहेत. कात्री शक्यतो सहाव्या टप्प्यापर्यंत लागत नाही.

## आधी हे भाग ओळखा

पांढरी दिसते ती पाकळी नव्हे. ते रंग बदललेलं पान आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात, आपण इथे सोयीसाठी ‘पात’ म्हणू. तिच्या कुशीत जो खडबडीत दांडा उभा असतो ते ‘कणीस’, आणि खरी फुलं त्या कणसावर दाटीवाटीने बसलेली असतात, एकेक टाचणीच्या डोक्याएवढं. अळू, सुरण, मनी प्लांट, अँथुरियम ही सगळी याच कुळातली. परसातल्या अळवाला कधी फूल आलेलं पाहिलं असेल, तर रचना लगेच ओळखीची वाटेल.

पात हे मुळात पानच असल्यामुळे तिचा पांढरेपणा थोड्या दिवसांचा असतो. उमलताना तिच्यात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून ती पांढरी दिसते. कणसाचं काम उरकलं की तिच्यात पुन्हा हरितद्रव्य तयार होतं आणि ती इतर पानांसारखी अन्न बनवायला लागते. पुढे बी धरलंच तर त्याला पोसायची ही सोय.

यातून एक गोष्ट पक्की धरून चाला: हिरवी झालेली पात पुन्हा पांढरी होत नाही, आणि तपकिरी डाग पुसला जात नाही. कुठल्याही खताने नाही, कुठल्याही फवारणीने नाही. जे काही करायचं ते पुढच्या फुलासाठी.

सावधान: अळवाने जशी खाज सुटते तसेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याही झाडात असतात. कापाकापी करताना हातमोजे घाला, नाहीतर नंतर साबणाने हात धुवा. डोळ्याला हात लावू नका. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल, तर कुंडी उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंडात आग होऊन सूज येते.

## तयारी

लागणाऱ्या वस्तू घरातल्याच आहेत: धारदार छोटी कात्री, ती पुसायला स्पिरिट आणि कापूस, बांबूची लांब सळई किंवा आइस्क्रीमची चपटी काडी, जुनं वर्तमानपत्र, बादली, पांढरा कागद, शिसपेन्सिल आणि प्लॅस्टिकच्या दोन-चार पट्ट्या. पट्ट्या फुलांवर तारीख लिहायला लागतात. पेन्सिल मुद्दाम सांगितली, कारण शाई पाण्याने जाते.

तपासणी दिवसा करा, खिडकीजवळ. पिवळ्या दिव्याखाली पांढरं, क्रीम आणि फिकट हिरवं यातला फरक कळत नाही. आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत पाणी, खत, जागा यातलं काहीही बदलू नका.

## टप्पा १: फुलाचं वय काढा

फुलाचा प्रवास असा असतो. कळी देठाच्या टोकाशी गुंडाळलेल्या पानासारखी येते आणि ती हिरवटच असते. उलगडत जाते तशी पांढरी होते. पांढरेपणा साधारण दोन ते चार आठवडे टिकतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून कमी, गारव्यात थोडा जास्त. मग हिरवेपणा येतो आणि तसं हिरवं फूल आणखी काही आठवडे झाडावर राहतं. शेवटी कडेपासून तपकिरी होऊन सुकतं.

तारीख लिहून ठेवली नसेल, तर कणीस बघा. वय तेच सांगतं:

- कणीस क्रीम रंगाचं, त्यावर चिकट ओलसर थेंब: फूल नवं आहे.
- कणसावर आणि खालच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी: परागकण गळतायत, फूल ऐन मध्यावर आहे.
- कणीस हिरवं, भुकटी संपलेली, कणसावरचे उंचवटे फुगल्यासारखे: फूल उतरणीला लागलंय. पात हिरवी पडणं इथे अपेक्षितच आहे.
- कणीस काळपट किंवा तपकिरी: फूल संपलं.

भुकटीवरून नेहमी घोटाळा होतो. ती बुरशी किंवा पिठ्या ढेकूण समजून झाडावर औषध मारलं जातं, आणि पातीवर खरे डाग पडतात ते त्या औषधाचे. बोट फिरवून बघा. परागकण कोरड्या पिठासारखे सहज पुसले जातात. पिठ्या ढेकूण कापसासारखा असतो, पानाच्या बेचक्यात बसलेला असतो आणि चिरडला की चिकट लागतो.

सगळी फुलं एकदम हिरवी पडली म्हणून घाबरू नका. नर्सरीवाले बहर एकाच वेळी यावा म्हणून या झाडांवर जिबरेलिक आम्लाची, म्हणजे फुलं आणणाऱ्या एका संप्रेरकाची, फवारणी करतात. सुमारे तीन महिन्यांत सगळ्या झाडांना एकत्र फुलं येतात आणि ती विक्रीला निघतात. एकदम आलेली फुलं एकदमच म्हातारी होणार. त्यानंतर घरी कित्येक महिने एकही फूल आलं नाही, तरी त्यात तुमची चूक नाही. झाड आता स्वतःच्या वेळेने फुलेल.

तपासा: कणीस हिरवं झालंय, पात शिरांपासून एकसारखी हिरवी होतेय, पानं टवटवीत आहेत? मग झाड निरोगी आहे. थेट टप्पा ६ वर जा. मधलं काहीही करायची गरज नाही.

## टप्पा २: रंग कुठून सुरू झाला ते बघा

वयाने उत्तर मिळालं नाही, तर पात हातात धरून उजेडाकडे करा. रंग कोणता आहे यापेक्षा तो कुठून सुरू झाला हे जास्त कामाचं आहे.

मधल्या शिरेपासून आणि देठाकडून हिरवा. हे वय. पात पाठीमागून बघितली तर आधी शीर गडद होते, मग तिच्या दोन्ही बाजूंना हिरवी छटा पसरते आणि टोक सगळ्यात शेवटी रंगतं.

उमलतानाच हिरवं, पांढरं झालंच नाही. आधी आठवडाभर थांबा, कदाचित ते अजून पूर्ण उलगडलेलं नसेल. उलगडूनही हिरवंच राहिलं, तर जास्त उजेड किंवा खतातलं जास्त नत्र (नायट्रोजन), बहुधा दोन्ही. टप्पा ४ आणि ८ बघा.

फक्त टोक तपकिरी, बाकी पांढरं. पाण्यातले क्षार किंवा कोरडी हवा. पानांची टोकंही तशीच जळलेली असतील, तर क्षार नक्की. टप्पा ५.

मध्येच कागदासारखा कोरडा, फिका तपकिरी डाग, तोही खिडकीच्या बाजूला. ऊन लागलंय. पातीची कातडी पानापेक्षा नाजूक असते, त्यामुळे पानं ठीक दिसत असताना पात भाजलेली सापडते.

काळपट, ओलसर, पाणी पाझरल्यासारखे डाग. पातीवर पाणी साचून राहिलं, किंवा गारठा बसला. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात, खिडकी उघडी राहून तुषार येतात तिथे हे हमखास दिसतं. नाशिक, पुणे, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकीच्या काचेला टेकलेल्या फुलाला गारठ्याने असंच होतं. रात्रीचा पारा १२ अंशांच्या खाली जात असेल, तर कुंडी खोलीत आत घ्या.

उमलून आठवडाही झाला नाही आणि अख्खी पात तपकिरी, पानंही लोंबलेली. मुळांचा घोटाळा. टप्पा ३ आजच करा.

चंदेरी-तपकिरी ओरखडे, बारीक काळे ठिपके. फुलकिडे. ते फूल कापून पिशवीत बांधून टाका, पानं पाण्याच्या फवाऱ्याने दोन्ही बाजूंनी धुवा. दर चार-पाच दिवसांनी तीनदा धुतलं की बहुतेक वेळा आटोक्यात येतात. नीम तेल मारायचंच असेल, तर पानांवर आणि संध्याकाळी. पांढऱ्या पातीवर त्याचे तेलकट डाग कायमचे राहतात.

निळी, जांभळी, गर्द गुलाबी पीस लिली म्हणून जे विकलं जातं, ते रंग पाजलेलं किंवा फोटोत रंगवलेलं असतं. त्याचं पुढचं फूल पांढरंच येणार. ते बिघाडात धरू नका.

## टप्पा ३: माती आणि मुळं

सगळ्यात जास्त झाडं इथे मरतात, म्हणून घाई करू नका.

पीस लिली तहानली की सगळी पानं एकदम खाली टाकते, अगदी मेल्यासारखी. पाणी दिलं की काही तासांत उभी राहते. म्हणून ‘माना टाकल्या म्हणजे पाणी घाला’ हा धडा लोक पाठ करतात. पण मुळं कुजली तरी पानं अशीच लोंबतात, कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. आणि त्यात आणखी पाणी पडतं.

१. सळई कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा आणि दोन मिनिटांनी काढा. वरची माती कोरडी आणि तळ चिखल, ही घरातल्या कुंड्यांची नेहमीची गत आहे. नुसतं बोट लावून ती कळत नाही.

२. सळईचा वास घ्या. ओल्या मातीचा वास चांगला. गटारासारखा किंवा आंबूस वास आला, तर तळ सडलाय.

३. कुंडी उचलून वजन बघा. ६ इंची कुंडी पाणी दिल्यावर आणि पाणी द्यायच्या आधी, अशी दोनदा उचलून ठेवलीत की पुढे हातालाच अंदाज येतो.

४. खालच्या छिद्रांतून बघा. ती बंद आहेत का? नर्सरीची काळी कुंडी शोभेच्या बिनछिद्री कुंडीत तशीच ठेवलेली असेल, तर ती बाहेर काढा. आत बोटभर पाणी साचलेलं सापडतं.

५. शंका राहिलीच तर झाड कुंडीतून काढा. एका हाताची बोटं देठांच्या मध्ये घालून माती धरा, कुंडी आडवी करा, दुसऱ्या हाताने बाजू दाबा. झाड देठाला धरून ओढू नका. निरोगी मुळं पांढरट-क्रीम आणि कडक असतात. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं असतं, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते, हातात नुसता दोरा राहतो. ही खूण एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

तपासा: माती कोरडी, कुंडी हलकी, मुळं पांढरी? झाड फक्त तहानलंय. तळातून पाणी येईपर्यंत द्या, तबकडीत साचलेलं अर्ध्या तासाने ओता आणि टप्पा ४ कडे वळा. माती ओली आणि मुळं काळी? पाणी बंद, खत बंद, आणि टप्पा ७ करा.

## टप्पा ४: उजेड मोजा

‘सावलीतलं झाड’ म्हणून लोक ते बाथरूमजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. तिथे पानं राहतात, फूल येत नाही. मग फूल हवं म्हणून गॅलरीत ठेवतात. तिथे फूल हिरवं येतं किंवा भाजतं.

साधी चाचणी: दुपारी १२च्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली पुसट, कडा अस्पष्ट, पण हात आहे हे कळतंय: जागा बरोबर आहे. सावली दिसतच नाही: फुलासाठी उजेड कमी. बोटं मोजता येतील इतकी रेखीव सावली: उजेड जास्त.

पूर्वेची खिडकी उत्तम, सकाळचं कोवळं ऊन तासभर आलं तरी चालतं. पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीपासून ४-५ फूट आत, किंवा मध्ये पातळ पांढरा पडदा. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून पश्चिमेची खिडकी पडदा असला तरी टाळा. काच तापते आणि तिच्याजवळची हवाही.

जागा बदलायची तर एकदाच बदला आणि तीन आठवडे हलवू नका. रोज सकाळी गॅलरीत, रात्री आत, असं केलं की कोणत्या जागेने काय केलं ते कधीच कळत नाही.

सावधान: एसीचा झोत किंवा कूलरची हवा थेट कुंडीवर नको. दोन्हींच्या सततच्या वाऱ्याने पातीच्या कडा सुकतात. पानांवर पाणी फवारून हवेतली आर्द्रता काही मिनिटंच वाढते, आणि पातीवर डाग मात्र पडतात. त्यापेक्षा पसरट ताटात खडे पसरा, खड्यांच्या खाली राहील इतकं पाणी ओता आणि कुंडी खड्यांवर ठेवा.

## टप्पा ५: पाण्यातले क्षार

कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा-पिवळट थर दिसतोय? तो क्षारांचा. बोअरचं पाणी असेल तर अंदाज स्वयंपाकघरातच लागतो: डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या नळाला पांढरं चढतं. असं पाणी वर्षभर घातलं की क्षार मातीत साचतात आणि आधी टोकं जाळतात.

पाणी रात्रभर उघडं ठेवलं की नळाच्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. बोअरचे क्षार मात्र उडत नाहीत, आठवडाभर ठेवलं तरी. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक दोन्हींवर तोच उपाय करतात.

पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिल्या एक-दोन सरी छप्पर धुऊन जाऊ द्या, मग भरून झाकून ठेवा. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळून वापरता येतं. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका. घरातलं सगळ्यात क्षारयुक्त पाणी तेच, आणि ‘वाया का घालवायचं’ म्हणून नेमकं तेच झाडांना जातं.

माती धुवायची पद्धत, ६ इंची कुंडीसाठी:

१. मातीवरचा पांढरा थर साधारण १ सेंमी खरवडून टाका.
२. कुंडी मोरीत किंवा बादलीवर जाळी ठेवून तिच्यावर ठेवा, खालचं पाणी मोकळं निघून गेलं पाहिजे.
३. एकूण ४ ते ५ लिटर चांगलं पाणी तीन हप्त्यांत, बारीक धारेने घाला. दोन हप्त्यांत दहा मिनिटं जाऊ द्या.
४. तासभर निथळू द्या आणि मग जागेवर ठेवा.
५. खरवडलेल्या जागी नवं मिश्रण भरा. प्रमाण टप्पा ७ मध्ये आहे.

सावधान: मुळं कुजलेली असतील किंवा कुंडीतून पाणी सहज निघत नसेल, तर ही धुलाई करू नका. आधी निचरा, मग धुणं.

## टप्पा ६: फूल कापणं

हिरवं फूल कापलंच पाहिजे असं नाही. ते झाडाला जड होत नाही, उलट थोडंफार अन्नच बनवतं, आणि काहींना हिरवी पात आवडतेही. कणीस काळं पडायला लागलं किंवा पात तपकिरी झाली की मात्र काढा.

कापताना दोन चुका होतात. पहिली, फक्त वरची पात खुडणं. देठ उभाच राहतो, पिवळा पडतो आणि खाली सडत जातो. त्या देठाला पुन्हा फूल कधीच येत नाही. एक देठ, एक फूल. दुसरी चूक, देठ ओढून काढणं.

फुलाचा देठ बोटाने खाली चाचपत जा. तो थेट मातीतून येत नाही, एका पानाच्या देठाला खाली जी म्यानासारखी घडी असते तिच्यातून निघालेला असतो. त्या घडीच्या जरा वर, पानाला कात्री लागणार नाही अशा बेताने तिरका काप द्या. ओढलंत तर ती घडी फाटते आणि पान जातं. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसा.

तपकिरी टोकं कापायची तर पानाच्याच आकारात, आणि तपकिरी रेघ केसभर ठेवून. हिरव्यात कापलं की नवी कड पुन्हा सुकते.

## टप्पा ७: कुंडी बदलणं (सगळ्यांसाठी नाही)

दोनच कारणं पुरेशी: मुळं कुजली, किंवा मुळांनी कुंडी इतकी भरली की पाणी घातल्याबरोबर खालून निघून जातं. फूल हिरवं पडलं हे कारण नाही.

मिश्रण: धुतलेलं कोकोपीट २ भाग, गांडूळखत १ भाग, परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू १ भाग. नुसती तांबडी माती नको, घरातल्या कुंडीत ती विटेसारखी बसते.

कोकोपीट धुणं टाळू नका. वीट पाण्यात फुगवा, पिळून ते तपकिरी पाणी टाका, असं तीनदा करा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. क्षार घालवायला कुंडी बदलायची आणि नव्या मिश्रणातूनच ते पुन्हा आणायचे, असं होतं.

१. झाड काढा, जुनी माती बोटांनी झाडा. मुळं चांगली असतील, तर पूर्ण झाडायची गरज नाही.
२. काळी, मऊ मुळं कात्रीने पांढऱ्या भागापर्यंत कापा. प्रत्येक दोन-तीन कापांनंतर कात्री पुसा.
३. उरलेली मुळं बघून कुंडी निवडा. मुळं भरपूर असतील, तर आधीपेक्षा एक-दोन इंचच मोठी. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील, तर आधीपेक्षा लहान. मोठ्या कुंडीत जी माती मुळं पिऊ शकत नाहीत ती ओलीच राहते आणि कूज पुन्हा सुरू होते.
४. झाड आधी जितकं खोल होतं तितकंच बसवा. देठांची बूड मातीत पुरली की ती सडतात.
५. एकदा पाणी द्या, नंतर वरची दोन पेरं माती सुकल्याशिवाय देऊ नका.
६. मुळं कापली असतील, तर सगळी फुलं आणि कळ्याही कापा. जीवावर येतं, पण झाडाला आधी मुळं हवीत.

बुरशीनाशकाची भुकटी टाकली म्हणजे काम झालं असं समजू नका. निचरा सुधारला नाही, तर तिचा उपयोग नाही.

## टप्पा ८: खत, आणि तेही थोडं

नत्र जास्त झालं की पानं गडद, मोठी होतात आणि पातही हिरव्याकडे झुकते. युरिया, डीएपीचे दाणे, कच्चं शेणखत यांना या कुंडीत जागा नाही.

१९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत पाव चमचा, म्हणजे साधारण १ ग्रॅम, २ लिटर पाण्यात. पाकिटावरचं शेतासाठीचं प्रमाण वापरू नका. महिन्यातून एकदा, आणि माती आधीच ओलसर असताना. कोरड्या मुळांवर खताचं पाणी पडलं की ती भाजतात. कडक थंडीत आणि झाड नवं पान काढत नसताना बंद. कुंडी बदलल्यावर सहा आठवडे बंद. त्या मिश्रणातलं गांडूळखत तेवढ्याला पुरतं.

आता घरगुती उपाय. दूध-साखरेच्या चहाचा चोथा, ताक, तांदूळ धुतलेलं पाणी यांनी घरातल्या कुंडीत चिलटं होतात आणि वास येतो. अंड्याच्या टरफलांचा चुना या झाडाला नको आहे, त्याला किंचित आम्लधर्मी माती लागते. हळद पातीवर टाकली तर पात पिवळी होते, बाकी काही होत नाही.

## टप्पा ९: पुढचं फूल

एका वेळी एकच बदल करा आणि दोन बदलांत किमान दोन आठवडे ठेवा. अपवाद फक्त कुजलेल्या मुळांचा, तिथे थांबायला वेळ नसतो.

नवी कळी दिसली की पट्टीवर तारीख लिहून तिच्याशेजारी मातीत खोचा. उमललं की दुसरी तारीख, हिरवेपणा दिसला की तिसरी. दोन फुलांच्या नोंदी झाल्या की तुमच्या घरात पांढरेपणा किती दिवस टिकतो हा आकडा मिळतो. तिसरं फूल त्याच्या निम्म्या दिवसांतच बदललं, तर काहीतरी बिघडलंय आणि पुन्हा टप्पा २ पासून सुरुवात. फूल जास्त दिवस पांढरं ठेवायचं असेल, तर उमलल्यावर कुंडी थोडी गार, पण उजेडाच्या जागी ठेवा. पानांवरची भुकटी नको असेल, तर पराग गळायच्या आधी नुसतं कणीस कात्रीने कापलं तरी चालतं.

जागा बरोबर, पाणी गोडं, खत पाव चमचा, मुळं पांढरी, आणि तरीही लागोपाठ दोन-तीन फुलं हिरवट छटेचीच आली, तर तो तुमच्याकडच्या जातीचा स्वभाव आहे. काही जातींची पात मुळातच दुधाळ हिरवी असते. पांढरंशुभ्रच हवं असेल, तर पुढचं झाड घेताना ज्याच्यावर कळी, उमललेलं आणि उतरलेलं अशी तिन्ही वयांची फुलं एकत्र आहेत ते निवडा. मधलं किती पांढरं आहे ते तिथेच दिसतं.